रिपोर्टवर ‘स्टेज 4ए’ लिहिलंय, आता आप्पांचं काय?

अमळनेर तालुक्यातल्या एका भावाने विचारलंय. वडील, ज्यांना घरात आप्पा म्हणतात, 54 वर्षांचे. कोरडवाहू कापसाची शेती, तीसेक वर्षांपासून तंबाखू-चुन्याची सवय. डाव्या बाजूला खालच्या हिरडीपासून गालाच्या आतपर्यंत जखम. आधी तिखट सहन होईना, मग तोंड कमी उघडायला लागलं. पाच महिने गेल्यावर तुकडा तपासला. रिपोर्टवर ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, ग्रेड 2’. सीटी स्कॅनमध्ये गाठ 4.2 सेंटिमीटर, खालच्या जबड्याचं हाड कुरतडलेलं, डाव्या जबड्याखाली 1.6 सेंटिमीटरची एक गाठ, छाती स्वच्छ. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, टी4ए एन1 एम0, स्टेज 4ए. मामा म्हणतात, “चौथी स्टेज शे, आते काही उपेग नही, घरीच ठेवा.” चुलतभाऊ म्हणतो, दोन एकर विकू आणि मुंबईला नेऊ. मुलाचे प्रश्न असे: ग्रेड 2 खरी की स्टेज 4? आजार अंगभर पसरलाय का? ऑपरेशन करून फायदा आहे का? आणि किती दिवस आहेत?

मी जळगावात तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतो. हे प्रश्न रोज समोर येतात आणि बहुतेक वेळा याच क्रमाने येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, तुमच्या घरात खरा पेच वेगळाच आहे. उपचार करायचे की नाहीत, हे सगळं घर एका आकड्यावरून ठरवायला बसलंय. तो आकडा कसा बनला, हे मात्र कोणी पाहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं मत सरळ सांगतो. आप्पांचा आजार गंभीर आहे, वाढलेला आहे, पण पूर्ण बरा करण्याच्या हेतूने उपचार करावेत अशा टप्प्यातला आहे. ‘घरीच ठेवा’ असा हा टप्पा नाही. मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टींवर हे मत बदलू शकतं. तोंड किती बोटं उघडतं, गालाची बाहेरची कातडी आत ओढली गेलीय का, आजार वर जबड्याच्या सांध्यामागे किती गेलाय, हृदय आणि शुगर कशी आहे, हे समोर बसवूनच कळतं. बाकीचं कागदावरून सांगता येतं.

आधी ग्रेड आणि स्टेज. दोन्ही रिपोर्ट खरे आहेत, ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट ती लिहितात आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुसंख्य रिपोर्टवर ‘मॉडरेटली’ हाच शब्द असतो. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठपर्यंत पोहोचलाय ते. ती तपासणी आणि स्कॅनवरून ठरते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये उपचार मुख्यतः स्टेजवरून ठरतात. त्यामुळे ‘ग्रेड 2 आहे, म्हणजे दुसरीच स्टेज’ असं समजून निवांत राहणारी माणसं भेटतात तेव्हा मला काळजी वाटते. त्यांचे महिने फुकट जातात.

आता टी4ए एन1 एम0. ही पद्धत फ्रान्सच्या पियर देनवा यांनी 1940 च्या दशकात मांडायला सुरुवात केली आणि आज जगभर तीच चालते. टी म्हणजे मूळ गाठ. एन म्हणजे जवळच्या लसिका ग्रंथी, तोंडाच्या बाबतीत मानेतल्या गाठी. एम म्हणजे लांब, दुसऱ्या अवयवात गेलेला आजार. कागद हातात आला की मी सगळ्यात आधी शेवटचं अक्षर पाहतो. आप्पांच्या कागदावर ते एम0 आहे, म्हणजे लांब कुठे गेल्याचं स्कॅनमध्ये दिसत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. आजार अंगभर पसरलेला नाही.

मग चौथी स्टेज कशी? हाडामुळे. गाठ 4.2 सेंटिमीटर आहे, पण हाडाला हात लावलेला नसता आणि ती फार खोल नसती तर ती टी3 झाली असती. मानेतली एक लहान गाठ धरूनही स्टेज तिसरीच राहिली असती. जबड्याच्या हाडाचं बाहेरचं कवच फोडलं की नियमाप्रमाणे ती टी4ए होते आणि टी4ए असलं की स्टेज निदान 4ए. हिरडी हाडाला चिकटूनच असते. आपल्याकडे गालफडात तंबाखूची चिमूट दाबून ठेवायची जागा म्हणजे नेमकी गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खोबण. तिथे झालेला कॅन्सर हाडापर्यंत लवकर पोहोचतो. म्हणून खानदेशात आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या कितीतरी माणसांच्या कागदावर 4ए असतं. एक बारकावा सांगून ठेवतो. हिरडीची गाठ दाताच्या खळग्यात थोडी उतरली किंवा हाड वरवर झिजलं, तर तेवढ्यावरून टी4 म्हणत नाहीत. ऑपरेशननंतर हाड तपासल्यावर कधीकधी स्टेज खाली येते, कधी मानेत जास्त गाठी सापडून वर जाते. आत्ताची स्टेज हा स्कॅनवरचा अंदाज आहे, पक्की स्टेज काढलेला भाग तपासल्यावर लिहितात.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये चौथ्या स्टेजचे तीन भाग आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 4ए म्हणजे वाढलेला, पण सहसा ऑपरेशनने काढता येणारा. 4बी म्हणजे आजार चावण्याच्या स्नायूंच्या पोकळीत, कवटीच्या तळाशी किंवा मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमनीभोवती गेलेला, किंवा मानेतली गाठ 6 सेंटिमीटरहून मोठी, किंवा आपलं कवच फोडून आजूबाजूला चिकटलेली. 4सी म्हणजे फुप्फुस, हाडं, यकृत अशा लांबच्या ठिकाणी गेलेला. मामांच्या मनात ‘चौथी स्टेज’ म्हणून जे चित्र आहे ते 4सी चं आहे. ते चित्र त्यांनी कुठून तरी पाहिलेलं असणार. जठराच्या किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरची चौथी स्टेज झालेला कोणी नातेवाईक चार-सहा महिन्यांत गेलेला असतो आणि तो अनुभव माणूस विसरत नाही. त्या अवयवांत चौथी स्टेज म्हणजे सहसा लांब पसरलेला आजार. त्यामुळे मामांना दोष देऊ नका, पण त्यांना हा फरक नक्की समजावून सांगा.

हे आकडे अवयवागणिक वेगळे बसवलेले असतात. थायरॉइडचा नेहमीचा पॅपिलरी कॅन्सर 55 वर्षांच्या आतल्या माणसाला झाला आणि तो फुप्फुसात गेला, तरी नियमाने त्याची स्टेज दुसरीच. त्याच थायरॉइडचा ॲनाप्लास्टिक नावाचा प्रकार मात्र लहान असला तरी चौथ्यातच धरतात, कारण तो तसाच भयंकर आहे. वृषणाच्या कॅन्सरला तर चौथी स्टेजच नाही. तो छातीत पसरला तरी तिसरी, आणि त्यातलेही पुष्कळ रुग्ण किमोने बरे होतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आता गाठीच्या पेशींवर हार्मोन आणि हर-टू नावाचे रिसेप्टर आहेत का, याचे रिपोर्टही स्टेज ठरवताना धरले जातात. म्हणून शेजारच्या काकूंची चौथी स्टेज आणि आप्पांची चौथी स्टेज यांची तुलना करू नका, अवयवच वेगळा आहे.

4ए च्या पोटातही सगळे सारखे नसतात. आप्पांसारखा, हाड धरलेला पण मानेत एकच लहान गाठ असलेला रुग्ण 4ए. आणि जिभेवर दीड सेंटिमीटरची जखम पण मानेत तीन गाठी, असा रुग्णही 4ए. मला विचाराल तर दुसऱ्याची काळजी जास्त वाटते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतली गाठ हे सगळ्यात वजनदार चिन्ह. मानेत आजार उतरला की बरं होण्याची शक्यता साधारण निम्मी होते, असं आम्हाला शिकवलं जातं आणि कामातही तेच दिसतं. किती गाठी, किती मोठ्या, त्यांनी कवच फोडलंय का, यावर पुढचं बरंच ठरतं.

हा आजार पसरतो कसा, ते थोडक्यात. आधी जागच्या जागी: गाल, हिरडी, हाड, मागे चावण्याचे स्नायू. तोंड उघडायचं कमी झालं ते एक तर वर्षानुवर्षांच्या सुपारी-गुटख्याने आतली त्वचा ताठ झाल्यामुळे असतं किंवा आजार स्नायूंत शिरल्यामुळे. दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा, म्हणून हे तपासून घ्या. दुसरी वाट लसिका वाहिन्यांची, जबड्याखालून मानेत, ठरलेल्या क्रमाने. तिसरी रक्तातून, सहसा उशिरा आणि बहुतेक वेळा फुप्फुसात. तोंडाचा कॅन्सर बराच काळ तोंड आणि मानेतच राहतो. उपचारानंतर परत आला तरी बहुधा तिथेच आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. म्हणूनच तोंड आणि मान नीट साफ करण्यावर आमचा एवढा भर असतो. तुकडा काढला किंवा सुई लावली म्हणून कॅन्सर पसरतो, हे खरं नाही. आप्पांची जखम पाच महिन्यांत वाढली ती तपासणीमुळे वाढली नाही, उपचार सुरू झाले नाहीत म्हणून वाढली.

आता ‘कितला दिन शेत’, म्हणजे किती दिवस आहेत, या प्रश्नाकडे येतो. आम्ही जे आकडे सांगतो ते पाच वर्षांचे असतात, म्हणजे उपचार घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी किती जण हयात होते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ढोबळ मानाने, पहिल्या-दुसऱ्या स्टेजला नीट उपचार झाले तर दहापैकी सात-आठ जण. 4ए मध्ये ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही पूर्ण झाले तर दहापैकी चार-पाच जण. 4सी मध्ये वर्षांऐवजी महिन्यांत बोलावं लागतं. 4ए ला काहीच केलं नाही तर काय होतं, तेही सांगायला हवं, कारण ‘घरी ठेवणे’ म्हणजे शांत जाणं असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. जखम गालातून बाहेर फुटते, घास गिळता येत नाही, वास येतो, रक्तस्राव होतो, आणि वेदना रात्रभर झोपू देत नाहीत. उपचार न करण्याचा निर्णय घेणाऱ्याने हे माहीत असूनच घ्यावा.

दहापैकी चार-पाच हा गटाचा आकडा आहे, त्यातून एका माणसाची तारीख काढता येत नाही. आप्पा त्या दहांत कुठे बसतील हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी अजून व्हायच्या आहेत. गाठीभोवती निरोगी पट्टा मिळाला का, मानेतल्या गाठीने कवच फोडलं होतं का, मज्जातंतूंच्या कडेने आजार सरकत होता का, रेडिएशन वेळेत संपलं का, वजन टिकलं का, तंबाखू सुटली का. यातल्या शेवटच्या तीन तर तुमच्या घराच्याच हातात आहेत. महाराष्ट्रात या विषयावर बोलताना लोक शरद पवारांचं उदाहरण देतात, 2004 मध्ये तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पुढे वीस वर्षं काम करणारा माणूस. नाहीतर आर. आर. आबांचं, जे फेब्रुवारी 2015 मध्ये 57 व्या वर्षी याच आजाराने गेले. दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींपैकी एकही आप्पांना लागू पडत नाही.

उपचार कसे असतील? आप्पांसारख्याला पहिलं पाऊल ऑपरेशनचंच. गाठ, तिच्याभोवतीचा गाल आणि हिरडी, जबड्याच्या हाडाचा तेवढा तुकडा आणि मानेच्या डाव्या बाजूच्या लसिका ग्रंथी, हे सगळं एकाच बैठकीत काढतात. शेतातली हरळी वरून खुडली तर पुन्हा फुटते, भोवतीच्या मातीसकट खणून काढावी लागते, तसाच गाठीभोवती चारही बाजूंनी निरोगी भाग घेऊन कापावं लागतं. तपासणीत हा पट्टा निदान 5 मिलिमीटर स्वच्छ निघावा अशी आमची धडपड असते. हाड नुसतं चिकटलेलं असेल तर वरची कड कापून भागतं, खाल्लेलं असेल तर अख्खा तुकडा जातो. मानेचं ऑपरेशन ‘नंतर बघू’ म्हणून सोडू देऊ नका. मानेत गाठ लागतही नव्हती अशा सुरुवातीच्या रुग्णांवर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने केलेली चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवातीलाच मान साफ केलेल्यांपैकी 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते, गाठ आल्यावर मान साफ केलेल्यांपैकी 67.5 टक्के. आप्पांच्या मानेत तर गाठ दिसतेच आहे.

काढलेल्या जागी छातीचा स्नायू कातडीसकट वर फिरवून आणतात किंवा पायाच्या पोटरीतलं बारीक हाड घेऊन जबडा बनवतात. दुसऱ्यात चेहरा आणि चावणं जास्त चांगलं राहतं, पण ऑपरेशन लांबलचक चालतं, रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात, आणि सगळीकडे ती सोय नसते. छातीचा स्नायू भरवशाचा आहे. तुमच्या सर्जनचा हात ज्यात बसलाय ते त्याला करू द्या, पण दोन्हींबद्दल विचारा. ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे नाकातल्या नळीने जेवण, काही दिवस बहुधा गळ्याला श्वासाचं भोक. शब्द सुरुवातीला फुटत नाहीत, महिन्याभरात घरच्यांना कळायला लागतात. डावा खांदा जड होतो, त्याचा व्यायाम नळी निघण्याची वाट न पाहता सुरू करायचा.

टी4ए ला नुसतं ऑपरेशन पुरत नाही. जखम भरली की रेडिएशन, शक्यतो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेलं. आठवड्यातून पाच दिवस, साधारण 30 बैठका, सहा आठवडे. रिपोर्टमध्ये गाठीने कवच फोडलेलं दिसलं किंवा कड स्वच्छ नसली तर सोबत सिस्प्लॅटिन नावाची किमो. दात आधीच दाखवून घ्या. किडलेले दात रेडिएशनच्या आधी काढावे लागतात, नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

मी सगळ्यात जास्त माणसं अडलेली पाहतो ती इथे, रेडिएशनमध्ये. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, पाणीही झोंबतं, चव जाते. शेवभाजी, ठेचा, भरीत यावर वाढलेल्या माणसापुढे मुगाचं पाणी ठेवलं की तो ताटावरून उठतो. मग घरचे म्हणतात, आठ दिवस आराम करू दे, लग्न आहे तेवढं आटपू, कापूस वेचणी आहे. कृपा करून हे करू नका. मधला खंड म्हणजे उरलेल्या कॅन्सर पेशींना वाढायला दिलेली सवड. ऑपरेशनपासून रेडिएशनच्या शेवटपर्यंतचा सगळा काळ शंभर दिवसांच्या आत बसावा, असा आमचा प्रयत्न असतो. या काळात दुधात कुस्करलेली भाकरी, पातळ खिचडी, अंडं, शेंगदाण्याचं दूध, जे जाईल ते दर दोन तासांनी. जातच नसेल तर नळी पुन्हा घालण्यात कमीपणा नाही. आणि उपचार उन्हाळ्यात आले तर आणखी एक गोष्ट. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 च्या घरात जातो. सिस्प्लॅटिन किडनीवर जड असतं. कोरड्या तोंडाचा माणूस पाणी कमी पितो आणि घामाने असलेलंही जातं. किमोच्या आदल्या दिवशी आणि नंतरचे तीन-चार दिवस लघवीचा रंग पाहत जा. गडद पिवळी झाली की त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

कोणी म्हणेल, ‘आधी किमो देऊन गाठ बारीक करू’. काढता येणाऱ्या आजारात आधी किमो देऊन आयुष्य वाढलं नाही, असं चीनमध्ये झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. आप्पांचा आजार काढता येतो असं दोन जाणत्या सर्जननी सांगितलं तर आधी किमोत वेळ घालवू नये, असं माझं ठाम मत आहे. काढता येत नाही असं ठरलं तर गोष्ट वेगळी. तिथे किमोने आजार आक्रसून दहापैकी चारेक जण ऑपरेशनच्या टप्प्यात येतात, हे टाटाच्याच मोठ्या अनुभवातून पुढे आलंय. 2025 मध्ये ऑपरेशनच्या आधी आणि नंतर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारं औषध, दिल्याने आजार परतायला जास्त वेळ लागतो असंही दाखवलं गेलं, पण तिचा खर्च पाहता जमीन विकून ती घ्या असं मी सांगणार नाही.

आणि समजा तपासणीत 4सी निघालं असतं, तरी ‘काही उपेग नही’ म्हटलं नसतं. तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांबरोबर निव्होल्युमॅब नावाचं महागडं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी, तीन आठवड्यांतून एकदा 20 मिलिग्रॅम दिलं, तर वर्षभराने हयात असणारे 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. ही चाचणीही टाटामध्ये झाली, 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. हेतू बदलतो, बरं करण्याऐवजी आयुष्य आणि आराम वाढवणं हा होतो. मॉर्फिनच्या गोळ्यांनी दुखणं खूपच आटोक्यात येतं. उपचार थांबत नाहीत.

जमीन. विकण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचं पाहा. कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन, किमो या योजनांत येतं. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं, स्पेलिंग, जन्मतारीख जुळतात का ते आजच बघा. आठ-आठ दिवस माणसं ऑपरेशनची तारीख मिळूनही या एका कारणाने अडकतात. योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, तो कागद सांगतो. मुंबई की जवळ? ज्या ठिकाणी तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं नियमित होतात आणि सर्जन, रेडिएशनवाले, किमोवाले एकत्र बसून ठरवतात ती जागा योग्य, मग ती परळची असो की आपल्या बाजूची. टाटाला जायचं तर तुकड्याच्या काचा आणि मेणातला ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, दोन्ही लॅबमधून मागून घ्या, नुसता रिपोर्ट नेऊ नका, नाहीतर तुकडा पुन्हा काढावा लागू शकतो. सीटीची सीडी न्या. कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत सवलत आहे, तिचा फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्क्याने मिळतो. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पण गर्दी असते, आधी चौकशी करा. ऑपरेशन मुंबईला आणि सहा आठवड्यांचं रेडिएशन घराजवळ, अशी सांगडही घालता येते. फक्त दोन्ही डॉक्टरांचं आधी बोलणं व्हायला हवं.

मुंबईत नंबर लागायला वेळ लागणार असेल तर तो किती, हे पहिल्याच दिवशी विचारा. दोन-तीन आठवडे चालतील. दोन-तीन महिने सांगितले तर जवळ ऑपरेशन करून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आज 4ए असलेला आजार आणखी मागे सरकला की 4बी होतो, आणि मग ज्या ऑपरेशनबद्दल आत्ता बोलतोय तेच हातातून जातं. याच कारणासाठी मधल्या काळात झाडपाल्याचं औषध सुरू करू नका. जे देतात ते ‘तीन महिने घेऊन बघा’ म्हणतात, आणि आप्पांना तेवढा वेळ नाही.

शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाही पण तुमच्या लिहिण्यात जाणवलं: ‘आप्पांना अजून काही सांगितलेलं नाही.’ सांगा, भाऊ. ज्या माणसाचा जबडा काढायचाय त्याला उठल्यावर आरशात कळू नये. संमतीच्या कागदावर त्यांची सही लागेल, तंबाखूची डबी त्यांनाच बाजूला ठेवायची आहे, आणि तोंड सोललेलं असताना 30 दिवस मशीनखाली झोपायची ताकद त्यांनाच गोळा करायची आहे. माझ्या खोलीत मी मुलांना बाहेर न पाठवता रुग्णाला विचारतो, “तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?” बहुतेकांना माहीत असतं. ते घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प असतात आणि घरचे त्यांना त्रास नको म्हणून. आकडे सगळे एका बैठकीत सांगायची गरज नाही. गाठ आहे, वाईट आहे, काढता येण्यासारखी आहे, नंतर शेक (रेडिएशन) घ्यावा लागेल, आम्ही सोबत आहोत, इतकं पहिल्या दिवशी पुरे. पुढचं ते विचारतील तसं.

या आठवड्यात सर्जनला भेटाल तेव्हा एवढं विचारून या: आजार पूर्ण काढता येईल का, हाडाचा किती भाग जाईल, जागा कशाने भरणार, रेडिएशन कुठे आणि कधी सुरू होईल. ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट साधारण दहा-पंधरा दिवसांत येतो. त्यातल्या कडांचं अंतर, हाडाबद्दलची ओळ आणि मानेतल्या एकूण किती गाठींपैकी किती बाधित निघाल्या, या तीन ओळी मला लिहून कळवा. किमो जोडायची की नाही, यावर तेव्हा बोलू.